बोअर आहे

ज्याला लवकर कंटाळा येतो तो हुशार, असं मी बरीच वर्षं मानत होतो. नुसतं मानत नव्हतो, त्या समजुतीवरच माझं सगळं चाललं होतं. शाळेत सर फळ्यावर दुसरी पायरी लिहीत असायचे, तेव्हा माझं उत्तर आलेलं असायचं. उरलेल्या तासाचं काय करायचं, हा प्रश्न. वर्गाच्या खिडकीबाहेर बघायला भिवंडीत फार काही नसतं. पलीकडच्या कारखान्यातल्या मागांची खडखड ऐकायची, बाकावर पेनाने नक्षी काढायची, शेजारच्याच्या खोड्या काढायच्या. प्रगतिपुस्तकातला शेरा ठरलेला: हुशार आहे, पण चंचल. आई पाहुण्यांना त्यातला पहिला अर्धाच भाग सांगायची. मीही स्वतःला तेवढाच सांगत राहिलो आणि दुसरा अर्धा हा पहिल्याचा पुरावाच आहे, असं धरून चाललो.

चौथीची शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा ती परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची. पुढे 2016-17 मध्ये ती पाचवी-आठवीला गेली. दहावीला फारसा अभ्यास न करता गुण मिळाले आणि त्या ‘न करता’चाच मला जास्त अभिमान होता. पुढे इंजिनिअरिंग. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात गणिताची, म्हणजे आमच्या भाषेत एम-टूची, केटी लागली, विषय राहिला. मग आणखी लागल्या. शेवटी कॉलेज सुटलं. मी सोडलं असं मी सांगायचो. कारण विचारलं की उत्तर तयार असे: सगळा अभ्यासक्रमच रटाळ आहे, आपली शिक्षणपद्धतीच डोकं मारणारी आहे. या वाक्यावर आपल्याकडे कोणीही मान डोलावतं. बापांच्या पिढीतले सोडून.

माझे वडील एका यंत्रमाग कारखान्यात मेहताजी होते. हिशेब, कापडाच्या नोंदी, कारागिरांचं पगारवाटप. कारखान्यात एकेक कारागीर चार-सहा माग सांभाळतो. कुठे तार तुटली, कुठे कांडी संपली हे सतत बघत, त्या आवाजात, पाळी संपेपर्यंत उभा. नजर हलली की कापडात दोष राहतो आणि मजुरीतून पैसे कापले जातात. वडिलांनी मला कॉलेज सोडल्यावरून कधी काही सुनावलं नाही. एकदाच त्यांनी विचारलं, “कंटाळा आला म्हणून सोडता येतं?” मला तो टोमणा वाटला. आज वाटतं, त्यांना खरोखरच विचारायचं होतं.

अशा वेळी थोरामोठ्यांचा आधार घ्यावा लागतो. मी दोघांचा घेतला. एक रामानुजन. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे त्याची शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातही तो एफ.ए. होऊ शकला नाही. दुसरे आपले पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. दोन्ही गोष्टी मला तोंडपाठ होत्या आणि दोन्ही मी बरोबर सोयीच्या जागी थांबवत असे. रामानुजनच्या हाती कार नावाच्या एका इंग्रज शिकवणी मास्तराचं पुस्तक पडलं होतं. त्यात सुमारे पाच हजार सूत्रं आणि प्रमेयं, बहुतेकांच्या सिद्धता नाहीत किंवा ओझरत्या. तो ती स्वतः मांडत बसला आणि वह्याच्या वह्या भरल्या. विनोबा परीक्षेला गेले नाहीत, पण पुढच्याच वर्षी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपुढे ब्रह्मसूत्रं घेऊन बसले. त्यांनी परीक्षा सोडली. मी अभ्यास सोडला होता. दोन गोष्टींत फरक आहे हे कळायला फार बुद्धी लागत नाही. ते न कळण्यासाठी मात्र माझ्यासारख्याला बरीच खर्च करावी लागली.

कॉलेज सुटल्यावर भिवंडीला परत आलो आणि धामणकर नाक्याच्या पुढच्या एका गल्लीत शिकवण्या घेऊ लागलो. शिकवण्यात मी बरा आहे. पण माझ्या वर्गात एक भेदभाव होता आणि तो मी तोंडाने कधी कबूल केला नसता. जांभई देणारी, खिडकीकडे बघणारी, गणित अर्धवट सोडून “समजलं, सर” म्हणणारी मुलं मला आवडायची. त्यांच्यात मला मी दिसायचो. नीट समास सोडून लिहिणारी, “सर, परत एकदा सांगा ना” म्हणणारी मुलं मला मठ्ठ वाटायची. त्यांना मी परत सांगायचो, पण आवाजात ते येत असणार. हुशार मुलांना मी गृहपाठ माफ करायचो. हे त्यांच्यावर केलेले उपकार आहेत असं मी समजत होतो. माझ्या हातून त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं.

नववीत एक मुलगी होती. विलक्षण चटपटीत. धडा निम्मा होईपर्यंत तिचा संपलेला असायचा आणि मग ती आजूबाजूच्यांना हैराण करायची. मी तिला चारचौघांत म्हणायचो, “हे तुझ्यासाठी नाहीच.” एक दिवस तिच्यासाठी म्हणून एक कोडं काढलं. चौकटीच्या वहीत आठ बाय आठ असा चौकोन आख. समोरासमोरचे दोन कोपरे, म्हणजे वरचा डावा आणि खालचा उजवा, खोडून टाक. उरली बासष्ट घरं. आता शेजारची दोन घरं झाकेल अशी एक पट्टी धर. अशा एकतीस पट्ट्यांनी सगळा चौकोन झाकता येईल का? पट्टी आडवी किंवा उभी, एकावर एक नाही. जमत असेल तर करून दाखव, नसेल तर का नाही ते सांग.

तिने पेन्सिल घेतली, भराभर पट्ट्या काढल्या. शेवटी दोन घरं उरली, लांब लांब. खोडलं. परत काढलं, परत दोन उरली. मी दुसऱ्या मुलांकडे वळलो. परत बघतो तर वही मिटलेली.

“काय झालं?”

“सर, हे बोअर आहे.”

तो स्वर मला ओळखीचा होता. खांदे किंचित उडवून, जणू त्या कोड्याचीच काही चूक आहे. मला आधी बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. आपल्याच जातकुळीची आहे, असं. आणि लगेच काहीतरी खटकलं. कारण सोप्या गणितांचा कंटाळा येतो असं ती सांगायची आणि मी मानायचो. पण हे सोपं नव्हतं. हे तिच्यासमोर आलेलं पहिलंच असं गणित होतं जे पाहिल्याबरोबर सुटलं नाही, आणि कंटाळा आला तो नेमका त्याच जागी.

मी शिकवणारा म्हणून विचारलं, “बोअर आहे, की येत नाहीये?”

ती चिडली. मग म्हणाली, “तुम्हाला किती वेळ लागला होता?”

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर होतं. “दहा मिनिटं” म्हणायचं, झालं. मुलांना असं काहीतरी सांगावंच लागतं. पण तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे कोडं मी सोडवलेलंच नाही. अकरावीत असताना एका पुस्तकात वाचलं होतं. दोन-तीनदा पट्ट्या काढून बघितल्या, जमेना, तेव्हा “काय फालतू आहे” म्हणत शेवटच्या पानावरचं उत्तर बघितलं. उत्तर फार सुंदर आहे. ते वाचल्याबरोबर “अरे, हे तर मलाही सुचलं असतं” असं वाटलं, आणि त्या दिवसापासून ते कोडं मी माझ्या सुटलेल्या कोड्यांत जमा करून टाकलं.

मग एकेक आठवायला लागलं आणि थांबेना. एम-टूचं पुस्तक मी कुठल्या पानावर मिटलं होतं? पहिली प्रकरणं येत होती तोवर मला त्या विषयाचा कंटाळा नव्हता. पेटी वाजवायला शिकायला गेलो होतो. सरगम हाताला बसेपर्यंत मजा होती, बोटं अडखळायला लागली तसा मास्तरांच्या शिकवण्यात मला रटाळपणा दिसायला लागला. सोप्याचा कंटाळा मला येत होता हे खरंच. पण सोप्याच्या कंटाळ्याने मी काहीच सोडलं नव्हतं. ते मी जांभया देत पार केलं होतं. जे जे सोडलं ते अवघड होऊ लागल्यावर सोडलं, आणि प्रत्येक वेळी नाव कंटाळ्याचं दिलं. न जमण्याची मला भीती वाटत होती. ‘हुशार’ हा शेरा खोटा ठरेल ही ती भीती. भित्रा म्हणवून घेण्यापेक्षा कंटाळलेला म्हणवून घेणं कधीही प्रतिष्ठेचं.

समोर ती मुलगी उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, “मी हे सोडवलेलं नाही. मागचं उत्तर बघितलं होतं.”

वर्गात दोघं-तिघं हसले. तिने वही उघडली नाही. कोड्याची वही ती घरी घेऊन गेली की नाही हेही मी पाहिलं नाही. मी माझ्याच विचारात होतो.

काही दिवसांनी ती आली ती चौकोन लहान करून. आठऐवजी चार बाय चार. पानभर चौकोन, प्रत्येकात वेगळ्या तऱ्हेने पट्ट्या. “सर, जमत नाही. पण शेवटी जी दोन उरतात ना, ती एकमेकांना चिकटून कधीच येत नाहीत.” मला एवढा आनंद माझ्या कुठल्याही निकालाचा झाला नव्हता. तिला कंटाळा आला नव्हता असं नाही. “मधे जाम बोअर झालं,” असं तीच म्हणाली. ‘का’पर्यंत ती त्यानंतर पोहोचली, मी न सांगता.

पुढे वाचताना एक जुना प्रयोग सापडला. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला. पाचवीच्या मुलांना सोपी कोडी दिली. नंतर काहींना म्हटलं ‘तू हुशार आहेस’, काहींना म्हटलं ‘तू मेहनत घेतलीस’. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली, ज्यात सगळेच आपटले. त्यानंतर हुशार म्हटलेल्या मुलांना कोड्यांत गंमत वाटेनाशी झाली, त्यांची चिकाटी कमी झाली, आणि स्वतःचे गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. या विचाराची पुढे भिंतीवरची सुविचारमाला झाली, वादही बरेच झाले. ते सगळं मला पटतंच असं नाही. पण ‘गंमत वाटेनाशी झाली’ इथे मी थांबलो. आमचं ‘बोअर आहे’ ते हेच.

आता याची दुसरी बाजू न सांगणं लबाडी होईल. सोप्याचा कंटाळाही खराच असतो. लीटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तल्लख मुलांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1942 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं. अशा मुलांचा शाळेतला निम्मा वेळ वाया जातो, फारच तल्लख असतील त्यांचा जवळजवळ सगळा, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आपल्याकडे आप्पा पेंडशांनी 1962 मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली ती बुद्धिमान मुलांसाठीच. 1969 मध्ये तिची प्रशाला सुरू झाली. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं, पुढे प्रकल्प आणि मुलाखत; पाठांतरावर पहिल्या टप्प्याच्या पलीकडे जाता येत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे गणित आणि विज्ञान ऑलिम्पियाडचं काम आहे. गणिताच्या प्रादेशिक फेरीत तीन तास मिळायचे आणि गणितं असायची जेमतेम सहा. निम्मा वेळ नुसतं बघत बसावं लागणार हे त्यात गृहीतच. भिवंडीतून मानखुर्दला जायचं म्हणजे एसटी, लोकल, कुर्ल्याला बदलून हार्बर. तरी जावं.

कारण आमच्या गावात कंटाळ्याची किंमत जास्त पडते. पुण्यातल्या मुलाला शाळेचा कंटाळा आला तर तो दुसऱ्या कशात तरी शिरू शकतो. आमच्याकडे काल्हेर, पूर्णा, माणकोली या बाजूला गोदामांची रांग आहे. हातात स्कॅनर घेतला की महिन्याच्या महिन्याला पैसे. माझा एक विद्यार्थी, या मुलीपेक्षाही तल्लख, बारावी अर्ध्यावर टाकून तिकडे गेला. ‘सर, कॉलेज बोअर आहे,’ असं तो म्हणाला, तेव्हा मी हसून पाठीवर थाप मारली होती. ते कोडं वर्गात येण्याच्या आधीची गोष्ट. नंतरची असती तर तो राहिला असता असा माझा दावा नाही. पण ‘कुठल्या पानावर बोअर झालं?’ एवढं मी विचारलं असतं.

आता विचारतो. आधीच येत असल्यामुळे कंटाळलेल्या मुलाला पुढचं देतो आणि गृहपाठ माफ करत नाही. अडल्यामुळे कंटाळलेल्याच्या शेजारी जाऊन बसतो. दोन्ही मुलं दिसायला सारखीच दिसतात, त्यामुळे चुकतोही. ‘परत सांगा’ म्हणणाऱ्यांची माफी मागायची राहिली आहे. त्यातले बरेच आता चांगल्या हुद्द्यांवर आहेत आणि मला रस्त्यात वाकून नमस्कार करतात, हे आणखी अवघड.

त्या कोड्याचं ‘का’ मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. चौकटीची वही नसेल तर साध्या कागदावर आखा. मोबाइलवर शोधू नका. आणि ‘काय फालतू आहे’ असं मनात आलं, तर त्या वेळी किती पट्ट्या बसल्या होत्या ते कागदाच्या कडेला लिहून ठेवा.