बारकं पोर संगं घेऊन खत-औषध आणायला जाताना



25 मेला रोहिणी निघतंय. पश्चिम भागात धूळवाफेच्या भातपेरणीची गडबड सुरू झालीया आणि शिराळ्यात दुकानापुढं गाडी लावायला जागा नाही. आजची नोंद वाणाची नाही, हुमणीची पण नाही. दोन-तीन वर्षांची पोरं या दिवसांत आईबापासंगं कृषी सेवा केंद्रात येतात, त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

पोरं येतात कारण घरी ठेवायला कोण नसतं. पूर्वी आजी असायची. आता आजी वैरणीला नाहीतर रोजगाराला. खताला पॉस मशीनवर अंगठा लागतो, त्याच फेरीत बँकेतली केवायसी, जमलंच तर बाजार. म्हणून नवरा-बायको दोघं एका गाडीवर आणि मधी पोर. यात कुणाला नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण दुकानात अंगठा उठत नाही, सर्व्हर चालत नाही, बायको पिशवीतनं आधार कार्ड काढती, नवरा हात पँटला पुसून परत अंगठा लावतो. ही जी पाच-दहा मिनिटं जातात त्यात पोर कुणाच्याच नजरंत नसतं.

गेल्या जूनची गोष्ट. दुकानाचं नाव घेत नाही, माणूस चांगला आहे. मी रांगेत होतो, पुढं चुलत भावाची सून, तिची सव्वादोन वर्षांची पोरगी खाली फरशीवर बसलेली. कोपऱ्यात सोयाबीनची एक पिशवी उसवलेली होती आणि दाणे सांडले होते. प्रक्रिया केलेलं बियाणं, गुलाबी रंगाचं. पोरीनं मूठभर गोळा केलेलं.

"सूनबाई, तिच्या हातात काय हाय बघ."

"गोळ्या असतील तात्या, कुणीतरी दिल्या असतील."

चूक तिची नव्हती, दिसत होतंच तसं. तोंड उघडून बघितलं, आत काही नव्हतं. हात साबणानं दोनदा धुतले, फ्रॉकला रंग लागला होता म्हणून फ्रॉक काढला. पोरगी रडली ती दाणे काढून घेतले म्हणून. त्या पिशवीवर छापलेलं असतं, विषारी प्रक्रिया केलेलं बियाणं, खाण्यासाठी वापरू नये. पण वाचणाऱ्यासाठी छापलेलं असतं ते.

आता थोडा हिशोब. कृषी सहायक मंडळी पण वाचतात म्हणून आकड्यात सांगतो. डब्यावरचा त्रिकोण आपल्याला पाठ आहे: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल म्हणजे तोंडावाटे एलडी50 किलोला 1 ते 50 मिलिग्रॅम, पिवळा 51 ते 500, निळा 501 ते 5000, हिरवा त्याच्या वर. हे आकडे उंदरावरच्या चाचणीचे, माणसाच्या लेकराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी अंदाज घ्या. दहा किलोचं पोर, लाल त्रिकोणाची वरची हद्द 50 धरली तर 500 मिलिग्रॅम. 36 टक्के एसएल औषधाच्या एका मिलीत साधारण 360 मिलिग्रॅम विष असतं. म्हणजे दीड मिलीच्या आत हिशोब संपला. चहाचा चमचा पाच मिलीचा असतो. आपण पंपाला 30 मिली मोजताना टोपणाला जे चिकटून राहतं, ते आपल्याला काहीच वाटत नाही. सत्तर किलोच्या गड्याच्या मापानं आपण धोका मोजतो आणि दहा किलोचं लेकरू तिथंच खेळत असतं.

हिरव्या त्रिकोणाचं पण तसंच. हिरवा म्हणजे बिनविषारी असा समज गावात आहे, तो खोटा आहे. आणि पॅराक्वाट तणनाशकाला तर उताराच नाही. थोडं जरी पोटात गेलं तरी डॉक्टरच्या हातात फार काही राहत नाही.

आणखी एक, आपल्या बोलण्यातलं. आपण कीटकनाशकाला औषध म्हणतो. "औषध आणलं का?", "औषध मारलं का?" पोराला ताप आला की त्याला पण आपण म्हणतो, औषध घे, गोड आहे. गुलाबी सिरप, छोटं टोपण, टोपणानंच पाजायचं. दोन वर्षांच्या पोरानं या दोन औषधांतला फरक कशावरनं ओळखायचा? मी आमच्या घरात 'फवारणीचं विष' म्हणायला सुरुवात केलीया. पहिल्यांदा सगळी हसली. आता नातू लांबनंच बोट दाखवून "ईष" म्हणतो.

दुकानदार मंडळींना एक मागणं आहे. खालचा कप्पा, जो गुडघ्याच्या उंचीवर असतो, तिथं बाटल्या ठेवू नका. खाली ठिबकचे जोड ठेवा, पत्र्याच्या बादल्या ठेवा, काही पण ठेवा. उंदराच्या औषधाचे पुडे काउंटरच्या कडंला मांडलेले असतात, ते आत घ्या. युरियाची पिशवी 45 किलोची, डीएपीची 50 किलोची. थप्पी पायरी-पायरीनं लावली तर पोर चढतं, सरळ भिंतीसारखी लावली तर कलंडायची भीती, म्हणून थप्पीच्या पुढं एक दोरी बांधली तरी पुरे. आमच्या एका दुकानदारानं मागच्या वर्षी हे केलं, खर्च शून्य.

आणि सुटं देऊ नका, आपण पण मागू नका. अर्धा लिटर पाहिजे म्हणून पाण्याच्या बाटलीत ओतून नेणारे मी डोळ्यानं बघितलेत. कायद्यानं ते चालत नाहीच. खाण्याच्या वस्तू जिथं विकतात त्याच इमारतीत शेतीची कीटकनाशकं ठेवायची नाहीत, हे पण कीटकनाशक नियम, 1971 मध्ये आहे, घरगुती वापराची बंद पाकिटं तेवढी सोडून. किराणा आणि औषधं एका छताखाली बघितली की मला बिहार आठवतं. 16 जुलै 2013, सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव, शाळेचं दुपारचं जेवण. 23 लेकरं गेली. तपासात स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. आपल्या गाडीच्या हँडलला एकाच पिशवीत भेंडी, बिस्कीटचा पुडा आणि फवारणीची बाटली लटकत असती, तेव्हा मला ते गाव दिसतं. दोन पिशव्या न्याव्यात. बाटली डिक्कीत, खाणं हँडलला.

गाडीचं पण सांगतो. पोर टाकीवर पुढं, माग बायको, तिच्या मांडीवर खताची पिशवी, असं कोकरूडपर्यंत जाणारे आपणच. टाकीवरच्या पोराला अचानक ब्रेकला धरायला काही नसतं. 15 फेब्रुवारी 2023 पासून नियम असा आहे की नऊ महिने ते चार वर्षांच्या पोराला दुचाकीवर हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला पट्टा, आणि वेग ताशी 40 च्या आत. सायकलचं हेल्मेट पण चालतं. शिराळ्यात असा पट्टा लावलेली गाडी मी अजून एकच बघितलीया, आणि ती पण पुण्याहून सुट्टीला आलेली. हसू येतं, पण त्या गड्याचंच बरोबर आहे. खताची पिशवी त्या फेरीला नकोच, ती दुसऱ्या दिवशी एकट्यानं आणता येती.

बाजारातलं थोडक्यात. गर्दीत पोराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा, नागपंचमीला तर नक्कीच. शेंगदाणे-फुटाणे विकणारा मायेनं मूठभर पोराच्या हातात देतो. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा देऊ नका, श्वासनळीत अडकतो. अडकलाच आणि पोराला खोकता येत नसेल, तर पुढं वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मधी जोरात पाच थापा. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, दाणा आणखी आत जातो. उन्हात बंद चारचाकीत पोर झोपलंय म्हणून ठेवून जाऊ नका, पाच मिनिटांसाठी पण नाही.

आणि काही पोटात गेल्याचा नुसता संशय जरी आला तरी मिठाचं पाणी पाजू नका, दूध पाजू नका, ओकारी काढू नका. ईसी प्रकारच्या औषधात तेलकट द्रावक असतो, ओकताना तो फुप्फुसात जातो आणि दुप्पट नुकसान करतो. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्यानं धुवा. 108 ला फोन करा किंवा जी गाडी मिळंल तिनं सरकारी दवाखाना गाठा, आणि बाटली, निदान तिचं लेबल, संगं न्या. उतारा लेबलवरच लिहिलेला असतो, डॉक्टरचा वेळ वाचतो. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, नंबर 1800 116 117, फोनला पैसे पडत नाहीत. मी तो आमच्या औषधाच्या पेटीच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवलाय, खडू पुसला की परत लिहितो.

माझी खरेदी या शनिवारी आहे. दुकानदाराला आदल्या दिवशी फोन करून माल बाजूला काढायला सांगतो, म्हणजे काउंटरला अंगठ्यापुरतंच थांबावं लागतं. सून आणि नातू शेजारच्या वहिनींकडं थांबतील. त्यांची खरेदी पुढच्या मंगळवारी, तेव्हा त्यांचं पोर आमच्याकडं.