दोन सरपंच

पंचाचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, तेही खोडाळ्याला. नोकरीतल्या बदलीनं मी तिथं जाऊन पडलो होतो. गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा २०१४ सालचा. भात कापलेल्या खाचरात फक्की मारून कबड्डीचं मैदान आखलं होतं. मला चष्मा आहे, म्हणजे वाचन असणार, म्हणजे नियम पाठ असणार, अशा हिशेबानं मंडळींनी शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. गावचे खरे सरपंच समोर खुर्चीत होतेच. "सरपंचांनी निकाल द्यावा!" असा ओरडा झाला की आम्ही दोघंही उठून उभे राहत होतो.

शेवटचं मिनिट, गुण सारखे. पाहुण्या संघातला एक किडकिडीत पोरगा चढाईला आला, आमच्या गड्याला शिवला, राखीव क्षेत्रात शिरला आणि कडेकडेनं घरी पळाला. मी शिट्टी फुंकून त्यालाच बाद दिलं.

तो भांडला नाही. जवळ येऊन म्हणाला, "साहेब, माझा हात लागला का नाही?"

"लागला."

"मग शिवल्यावर राखीव क्षेत्र पण मैदानातच धरतात ना?"

हात लागलाच नाही म्हणालो असतो तर मिटलं असतं. डोळ्यांच्या चुकीवर अपील नसतं. पण माझी चूक डोक्यातली होती, आणि निम्मी मी चारचौघांत कबूलही केली होती. अशा वेळी पंचाजवळ एकच वाक्य उरतं. "पंचाचा निर्णय अंतिम!" मी गरजलो. खऱ्या सरपंचांनीही मान डोलावली. आमचा संघ एका गुणानं जिंकला.

रात्री नियमांचं पुस्तक उघडलं. (सामन्याआधी उघडायचं असतं, मान्य.) पोरगा बरोबर होता. सकाळी एस.टी.च्या थांब्यावर तो दिसला. चूक सांगून टाकायचीच असं ठरवून गेलो आणि म्हणालो, "चहा घेतोस?" त्यानं घेतला.

पुढं ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतला भारत-इराण अंतिम सामना घरी टीव्हीवर लावला होता. २८-२८ अशी बरोबरी. पवन सेहरावत कुणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला, मागोमाग इराणचे खेळाडू. जुन्या नियमानं तेही बाद. नव्यानं पवन एकटाच. निर्णय इकडून तिकडे फिरला, खेळाडू मैदानातच बसले, खेळ तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला.

"एवढे मोठे पंच, आणि साधा नियम माहीत नाही?" घरातले ओरडत होते.

मी उठून चहा टाकायला गेलो.