रोहीचं मांस खड्ड्यात जातं, ते योग्यच

घनसावंगी तालुक्यात गोदाकाठी शेती करणाऱ्याला रोहीचा त्रास समजावून सांगावा लागत नाही. हरभरा घाट्यावर आला की एका रात्रीत पट्टाच्या पट्टा साफ होतो. तुरीचे शेंडे जातात, मोसंबीची कोवळी रोपं अंग घासून मोडली जातात, आणि खाण्यापेक्षा तुडवलेलं जास्त असतं. काळविटांचे कळप वेगळेच. जालना जिल्ह्यात जंगल नावापुरतं, त्यामुळे ही जनावरं दिवसा गायरानात राहतात आणि रात्री आमच्या शेतात जेवतात. म्हणून अनेक वर्षं मी ग्रामसभेत एकच मागणी लावून धरली होती: रोही मारायची परवानगी द्या, आणि मारलेल्या जनावराचं मांस गावाला वाटून घेऊ द्या.

परवानगीचा रस्ता आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाला धोका हे कारण धरलं आहे, आणि आपल्या राज्यात 2015 च्या शासन निर्णयाने रोही व रानडुकराच्या पारधीला वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मुभा मिळाली. काळवीट मात्र अनुसूची 1 मधलं. पिकाचं नुकसान हे त्याला मारायचं कारण होऊच शकत नाही. पण परवानगीने मारलेला रोहीसुद्धा कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता. त्याची विल्हेवाट लावायची ती वनखात्याने. गावाने ते मांस शिजवायचं नाही. ज्या गावात बोकडाचे वाटे पडताना वझडी आणि मुंडीही वाया जात नाही, तिथे दोनशे किलोंचा नर मातीआड करायचा, हे मला अन्नाचा अपमान वाटायचं. आज मी त्या खड्ड्याच्या बाजूने आहे.

फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या काकांनी एकदा गोठ्यातल्या बैलाच्या अंगावर बोट ठेवून मला नेमाचा हिशेब समजावला. जनावर आडवं उभं असलं की पुढच्या पायाच्या कोपराच्या जरा मागे, छातीच्या खालच्या बाजूला काळीज. त्याच्या वर आणि मागे फुफ्फुसं. तिथे गोळी बसली तर जनावर शंभर मीटर पळेल कदाचित, पण लवकर मरेल. फासळ्यांवर मांस थोडंच, म्हणून नासाडीही थोडी. जरा पुढे लागली तर फऱ्याचं हाड फुटतं, हाडाच्या किरचा मांसात घुसतात, भोवती रक्त साकळतं आणि तो अख्खा फरा टाकावा लागतो. वीतभर मागे गेली की कोथळा. "ती सगळ्यांत वाईट गोळी, बापू," काका म्हणाले. जनावर तासन्‌तास जगतं, कुणाच्या तरी उसात शिरून पडतं, आणि सापडेपर्यंत पोटातली घाण मांसात उतरून सगळं नासलेलं असतं.

मग मांस वाचवायचं तर नेम कुठे धरायचा? डोक्यावर किंवा मानेवर. मेंदू लहान, डोकं सतत हलणारं. चार बोटं चुकली की जबडा फुटतो, आणि जबडा फुटलेलं जनावर चारा-पाणी न घेता दिवसेंदिवस भटकून मरतं. माझं मत इथे फिरलं. ज्याला मांस हवं, तो नेमका हाच अवघड नेम धरणार. तोही रात्री, बॅटरीच्या उजेडात, पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या बारा बोरने, जिचे छरे अंतर वाढलं की फाकतात. शिवाय मांसावर नजर असणारा पिकात शिरलेलं जनावर शोधत नाही, तो अंगाने भरलेलं शोधतो. हरभरा निघून गेल्यावरही तो बंदूक घेऊन गायरानात जाईल.

फासेपारध्यांच्या फासात सापडलेली गाभण मादी किंवा पाडस सोडून देण्याची रीत होती, असं माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी नोंदवलं आहे. फासातलं जनावर जिवंत समोर असतं, पाहून ठरवता येतं. अंधारात सुटलेल्या छऱ्याला तशी सोय नाही. शिकारीवर पोट असणाऱ्यांनी स्वतःला घातलेला तो लगाम आम्हा शेतकऱ्यांना आपोआप येईल, असं मला आता वाटत नाही.

आमचं नुकसान खरं आहे आणि त्यावर गप्प बसा, असं मी कुणालाही सांगणार नाही. अगदीच मारावं लागलं, तर वनखात्याने सरावलेला रायफलवाला आणावा, दिवसाउजेडी आणावा, त्याने छातीवरच नेम धरावा आणि जखमी जनावराचा माग शेवटपर्यंत काढावा. फरा नासला तरी चालेल. माझ्या गोदाकाठच्या शेतकरी बांधवांना एवढीच विनंती आहे: ग्रामसभेच्या ठरावातून मांसवाटपाची मागणी काढून टाका, आणि त्या जागी वेळेवर पंचनामा, पूर्ण भरपाई आणि गावाच्या शिवाराला सलग सौरकुंपण एवढं मागा.