डिपॉझिट

आमच्या वडगावात सकाळ होते ती पॉवरलूमच्या खडखडाटानं. शहापूर, खासबाग, वडगाव हा बेळगावचा विणकरांचा भाग. मागावर कामाला जाणाऱ्यांना जवळपास खोली हवी असते. म्हणूनच २०१६ साली घरावर मजला चढवून दोन बिऱ्हाडं ठेवायची, असं आमच्याकडे ठरलं. ह्यांचं किराणा दुकान, पेन्शन कुठली? म्हातारपणी दरमहा चार पैसे हातात यावेत, एवढाच विचार.

मी बी. ए. झालेली, तीही मराठी घेऊन. आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. तरी भाड्याची वही माझ्याकडेच आली. कारण भाडं मागायला आणि नळ गळतोय ही तक्रार ऐकायला दिवसभर घरी असते मीच.

आईनं दिलेल्या पाटल्या मोडल्या आणि वर बँकेचं आठ लाखांचं कर्ज काढलं. साडेनऊ टक्के व्याज, पंधरा वर्षांची मुदत, हप्ता ८,३५४ रुपये. दोन्ही बिऱ्हाडांचं भाडं मिळून ९,०००. मला वाटलं, भाड्यातून हप्ता फिटतोय, वर साडेसहाशे उरतातही! पण एक बिऱ्हाड महिनाभर रिकामं राहिलं की ४,५०० येणार आणि हप्ता तेवढाच जाणार. त्यात घरपट्टी आहे, मोटरची दुरुस्ती आहे, भाडेकरू बदलला की रंग आहे. आणि पहिल्या हप्त्यातले ६,३३३ तर नुसत्या व्याजात गेले होते. मुद्दल फिटली ती दोन हजार! हे सगळं मला पहिल्या वर्षाअखेरीस कळलं.

२०१७ साली एक जोडपं राहायला आलं. दोघंही मागावर कामाला. भाडं ४,५००, डिपॉझिट पंधरा हजार. पुढच्या वर्षी तिच्या सासूबाई गावाहून आल्या, म्हणून आम्ही मागचा व्हरांडा बंद करून त्यांना जोडून दिला. भाडं ५,००० झालं. तिनं आणखी पाच हजार डिपॉझिट हातात आणून दिलं. ना पावती, ना करारात नोंद. मी फक्त वहीत लिहून ठेवलं.

आणि ते वीस हजार? जिन्याचं रेलिंग झालं, गच्चीवर पाण्याची टाकी आली. डिपॉझिट खर्च करायचं नसतं, असं मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि गल्लीतले माग थांबले. वडगावात इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. एप्रिलचं भाडं आलं नाही, मेचंही नाही. मी मागितलं नाही. रिझर्व्ह बँकेनं तीन महिने हप्ता न भरण्याची सवलत दिली होती, ती आम्ही घेतली. नंतर बँकेत गेल्यावर कळलं, हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. पावणेसात लाखांच्या वर बाकी होती. महिन्याला ५,४०० च्या आसपास व्याज मुद्दलात चढत होतं. म्हणून पुढची मुदतवाढ न घेता जूनपासून हप्ता सुरू केला.

त्याच आठवड्यात ती खाली आली. "काकू, आम्ही गावाला जातोय. माग कधी सुरू होतील कुणाला ठाव? पंधरा हजारातलं दोन महिन्यांचं भाडं कापून घ्या, उरलेले पाच द्या."

पंधरा. मधल्या काळात दिलेले पाच हजार ती विसरली होती.

मी "परवा देते" एवढंच म्हणाले. पाच हजार जमवतानाच नाकीनऊ येणार होते. रात्री ह्यांना वही दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तिनंच पाच मागितलेत तर..." आणि वाक्य तिथंच सोडलं. खरं सांगते, ते वाक्य माझ्या मनात दुपारीच पुरं झालं होतं.

आपण दशलक्षण पर्वात दहा दिवस तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यातला एक न्यासापहार. ठेव ठेवणारा आकडा विसरून कमी मागतो आणि आपण "बरं, तेवढंच" म्हणतो, तो हा दोष. हा शब्द मी वर्षानुवर्षं ऐकत आले. मला वाटायचं, हे सावकारांसाठी सांगितलंय. माझ्या वहीत तो असेल असं कधी वाटलं नाही.

दुकानाच्या मालासाठी ठेवलेले पैसे ह्यांनी काढून दिले. तिच्या हातावर दहा हजार ठेवले आणि वहीतलं पान दाखवलं. ती म्हणाली, "मला आठवतच नव्हतं की, काकू." मी तिच्याकडे बघू शकले नाही. त्या महिन्यात दुकानात माल कमी भरला आणि हप्ता दीराकडून उसने घेऊन भरला.

तेव्हापासून डिपॉझिट आलं की दुसऱ्या दिवशी बँकेत वेगळं ठेवते. पावती देते, आकडा करारात घालते. करार अकरा महिन्यांचा, कारण वर्षाच्या वरचा झाला तर नोंदणी करावी लागते. दर वेळी नवा करताना डिपॉझिटचा आकडा दोघांनी मोठ्यानं वाचायचा. दोन हप्त्यांइतकी रक्कम बाजूला पडल्याशिवाय भाड्यातला पैसा घरात वापरत नाही. बिऱ्हाडांना मीटरही वेगळे घेतले. २०२३ ला गृहज्योती आली, तेव्हा त्याचा भाडेकरूंनाच फायदा झाला.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी मजला चढवायच्या विचारात असेल, तर वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं धरू नका, दहाच महिन्यांचं धरा. तेवढ्यात हप्ते भागत नसतील तर कर्ज कमी काढा. लॉकडाऊनमध्ये मी भाडं मागितलं नाही, याचं लोकांनी कौतुक केलं. पण तो दयाळूपणा मी तिच्याच वीस हजारांच्या जिवावर करत होते, हे फक्त माझ्या वहीला ठाऊक होतं.