लाल शाईचा शेरा

नांदेडात भूल देत मला वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं एक शेरा मी फार सहज लिहिला: 'हाय रिस्क'. लाल शाईत, खाली दोन रेघा. म्हातारी न्हाणीत घसरलेली, खुब्याचं हाड मोडलेलं, पाय आखूड होऊन बाहेर वळलेला. मी आधी वय बघायचो. ऐंशीच्या पुढचा आकडा दिसला की बाकीचे कागद नुसते चाळायचो. मुलाला बाजूला घेऊन म्हणायचो, "टेबलावर काही झालं तर?" तो बिचारा तिथूनच गाडीवाल्याला फोन लावायचा. मला वाटायचं, म्हातारीचे हाल वाचवले. वाचवत होतो मी स्वतःला.

लोह्याकडच्या ८४ वर्षांच्या एका आजींना असंच घरी पाठवलं. पाच आठवड्यांनी त्या बाजूला लग्नाला गेलो, तर मांडवात त्यांचा मुलगा भेटला. चहाला चलाच म्हणून हात धरून घरी घेऊन गेला. त्याच्या मनात माझ्याविषयी राग नव्हता, हे अजून टोचतं.

ओसरीत बाज. पायाला जुन्या लुगड्याची पट्टी, तिच्या टोकाला लोंबणारी वीट. सुनेनं त्यांना कुशीवर वळवलं होतं; कंबरेखाली तळहाताएवढी जखम, आत हाड दिसत होतं. वास झाकायला उदबत्ती लावलेली. आजींनी मला ओळखलं.

"सायेब, आप्रेशन केलं तर मरती म्हनले हुते तुमी. मंग हितं मी काय करायले?"

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या. मी नाडी धरली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. समोरचा चहा तसाच राहिला. वीस दिवसांनी आजी गेल्या. माझ्या हिशेबात तो मृत्यू कुठंच नाही. मी फक्त टेबलावरचे मोजत होतो.

मग २००८ साली इंग्लंडात तयार झालेला नॉटिंगहॅमचा तक्ता काढून बसलो. खुबा मोडलेला रुग्ण ३० दिवसांत दगावण्याचा धोका तो १० गुणांत मांडतो. ६६ ते ८५ वयाला सरसकट ३ गुण, पुढे ४. ज्या वयावर मी निकाल लावत होतो, त्याचा फरक एका गुणाचा! पुरुष असणं, हिमोग्लोबिन १० किंवा कमी, ढासळलेली स्मरणशक्ती, दोन किंवा जास्त जुने आजार, कर्करोग, वृद्धाश्रमातलं राहणं, यांचा प्रत्येकी १. आजींचं हिमोग्लोबिन ९.२, आजार एकच, रक्तदाब. बेरीज ४. अशा शंभरातल्या नव्वदहून जास्त जणी तिकडे महिना ओलांडतात. तिकडे ऑपरेशन वेळेवर होतं, आणि नॉटिंगहॅम म्हणजे नांदेड नव्हे, हे कबूल. पण मी बेरीजसुद्धा केली नव्हती.

स्मरणशक्तीचे तिकडचे प्रश्न मात्र मजेशीर: महायुद्ध कोणत्या साली, गादीवर कोण. आमच्या आज्यांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसते. "रझाकारीत मी परकर नेसायची," म्हणतात. १९४८ धरून मी वय काढतो. स्मरणशक्तीचा गुण लावत नाही.

हल्ली नातेवाइकांना दोन्ही धोके सांगतो, टेबलावरचा आणि बाजेवरचा. तरी काही जण नेतातच. परवा कंधारच्या एकानं आईला नेलं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते त्याला करून दाखवलं, माझा नंबर दिला. अजून फोन आलेला नाही.