भोगवटा

दोस्तांनो, आमच्या बिल्डिंगला नोटीस लागलीय. जिन्याच्या तोंडाशी, जिथं दर एप्रिलला जयंतीच्या वर्गणीची यादी चिकटवतो, बरोब्बर त्याच जागी. नोटिशीवर लिहिलंय सी-1. म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-2ए म्हणजे माणसं बाहेर काढून दुरुस्ती. सी-2बी म्हणजे माणसं आत ठेवून दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजी. माणसांचे चार वर्ण आम्हाला जन्मापासून ठाऊक. भिंतींचेही चार असतात हे परवा कळलं. फरक एवढाच, की इथं आमचा नंबर पहिला लागला.

नोटीस लागली सोमवारी. गुरुवारी बिल्डरचा माणूस हजर. त्याला कोणी बोलावलं होतं? कोणीच नाही. गिधाडाला आवतण लागत नाही.

गच्चीवर मीटिंग भरली. चोवीस खोल्यांतली माणसं, टाकीच्या सावलीला बायका. त्यानं टेबलावर रंगीत चित्र पसरलं. बावीस मजले. खाली बाग, बागेत गोरी पोरं सायकली चालवताहेत. आमची बिल्डिंग आणि शेजारचा रिकामा प्लॉट, दोन्ही मिळून हे होणार म्हणे. रिकामा प्लॉट! तिथं आमची गोधड्या-चादरी वाळतात, पोरं क्रिकेट खेळतात, पंचशीलाचा झेंडा उभा आहे, लग्नाचा आणि मयताचा मांडव तिथंच पडतो. पण नकाशावर ती जागा कोरी. ज्याच्यावर बिल्डरचं काही नाही, ते रिकामं.

मग तो म्हणाला, ‘‘आता ज्याचे त्याचे पेपर दाखवा.’’

आईनं खालून ट्रंक आणवली. त्यात रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, पहिल्यापासूनची लाइटबिलं, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला खोलीचा करार. आणि सगळ्यात तळाला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आज्याचा गिरणीचा पास. त्यानं दोन बोटांनी सगळं चाळलं.

‘‘मावशी, भोगवटा आहे का?’’

‘‘काय?’’

‘‘भोगवटा प्रमाणपत्र. ओसी.’’

आई म्हणाली, ‘‘भोगलं ते आमीच की रं बाबा. त्याला परमानपत्र कशाला?’’

सगळी गच्ची हसली. तोही हसला. मला हसू आलं नाही.

भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत नियमाप्रमाणं बांधली, आता माणसांनी राहायला हरकत नाही, असं सरकारनं लिहून देणं. आमच्या बिल्डिंगला ते कधी मिळालंच नाही. ती उभी राहिली तेव्हा इथं महापालिका नव्हती. वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती एकत्र करून 3 जुलै 2009 ला महापालिका झाली. त्याआधी ज्याच्या हातात शिक्का, तो परवानगी देणारा. घेणाऱ्यानं विचारायचं नाही, आणि विचारण्याइतकी अक्कल असलेल्यानं विरारला घर घ्यायचं नाही, असा सगळा कारभार.

घरपट्टी मात्र दर साली भरली. पण पट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. पैसे घ्यायला आम्ही आहोत, हक्क द्यायला नाही. 1963 चा मोफा कायदा बिल्डरला सांगतो की सोसायटी करून दे, जमीन तिच्या नावावर करून दे. आमचा बिल्डर खोल्या विकून गेला तो गेलाच. सोसायटीची नोंदणी नाही. नोंदणी असती तर 4 जुलै 2019 च्या सरकारी निर्णयाप्रमाणं निम्म्याहून जास्त सभासदांच्या संमतीशिवाय पुनर्विकास पुढं सरकला नसता. पण आम्ही सभासद नाही. मालक नाही. भाडेकरूही नाही. आम्ही नुसते राहतो.

ही गोष्ट आमच्या घरात नवी नाही. पणजोबा मुंबईच्या गिरणीत लागले ते रिंगखात्यात. साचेखात्यात पगार बरा, पण तिथं आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यात कांडी बदलली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. महाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा? 1928 च्या संपात बाबासाहेबांनी नेमकं यावर बोट ठेवलं. कामगार सगळे एक म्हणता, मग साचेखात्याचं दार आम्हाला बंद का? आज मी बोईसरला एका गिरणीत मागावर उभा राहतो, बारा बारा तास. धोटाच नाही आताच्या मागाला. हे दार उघडायला आमच्या घराच्या तीन पिढ्या गेल्या. उघडलं तेव्हा आत कायम नोकरी नव्हती, ठेकेदार होता.

आजा वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. 160 चौरस फुटांची खोली, माणसं नऊ. 1974 च्या जानेवारीत वरळीची दंगल त्यानं त्याच खोलीच्या खिडकीतून बघितली. त्याच महिन्यात परळला मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं पँथर भागवत जाधव शहीद झाले. आजा त्या मोर्चात होता. ते सांगताना त्याचा हात आपोआप डोक्यावर जायचा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागं घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही. म्हणजे हिशेबानं आजा मरेपर्यंत संपावरच होता. दोन वर्षं तग धरला, मग विरारला आला. गाडीचं शेवटचं स्टेशन, तिथं खोली स्वस्त.

बीडीडीतली खोली सोडताना त्याला काय मिळालं? काही नाही. खोलीची सरकारी पावती दुसऱ्याच्या नावाची होती. आजा पोटभाडेकरू. दंगलीत दगड त्यानं खाल्ले, पावती दुसऱ्याची.

14 ऑगस्ट 2025 ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पाचशे चौरस फूट, फुकट. मोबाइलवर मी तो कार्यक्रम बघितला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या चाळींत आपली किती माणसं आहेत. 160 फुटांत शंभर वर्षं काढलेल्यांना मिळालेलं हे दान नाही, हक्क आहे. आईनं मात्र एवढंच विचारलं, ‘‘आपली चाळ कितवी हुती रं?’’ मी सांगितलं नाही.

त्यानंतर बारा दिवस गेले. 26 ऑगस्टची रात्र, बारा वाजून गेलेले. दुसऱ्या दिवशी गणपती. विरार पूर्वेला विजय नगरात रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. चौथ्या माळ्यावर एका पोरीचा पहिला वाढदिवस चालला होता. गल्ल्या एवढ्या अरुंद, की मोठी मशीन आत येईना. सुरुवातीला डबर हातानं उपसावं लागलं. सकाळी मी तिथं गेलो, दोरीच्या या बाजूला उभा राहिलो. डबरात एक कुकर होता, झाकणासकट. एक शाळेची बॅग. शोध दीड दिवस चालला. सतरा माणसं गेली. शेजारची चाळ रिकामी होती म्हणून एवढ्यावर निभावलं. उरलेल्यांना चंदनसारच्या समाजमंदिरात नेलं. इमारत बेकायदा होती. बिल्डरला अटक झाली.

दोस्तांनो, त्या नावापाशी मी थांबलो. रमाबाई. नाव देणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. आपल्या मनात एकच रमाई आहे. परळच्या बीआयटी चाळीत जिनं संसार केला, गोवऱ्या थापल्या, लेकरं पुरली, आणि साहेबांना शिकू दिलं. ते नाव दारावर बघितलं की आपण सैल पडतो. आपली माणसं असतील, आपलंच असेल, असं वाटतं. विरार-नालासोपाऱ्यात सिद्धार्थ, तक्षशिला, मिलिंद अशा नावांच्या पाट्या आपण वाचतो आणि कॉलमची सळई बघायचं विसरतो. पाटी निळी असली की मागचा कागद कोण मागतो? 1997 च्या 11 जुलैला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात दहा जण गोळीबारात गेले. ते गोळीनं गेले, हे स्लॅबनं. नावाला आपण हार घालतो. नावाखाली राहणारा माणूस कशावर उभा आहे ते बघत नाही. ही चूक माझीही आहे. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर निळा झेंडा लावायला मी पहिला चढलो होतो. तुळईची तडा मी त्याच दिवशी बघितली होती. तीवर सिमेंट फासलं आणि घोषणा दिली.

‘आमच्याकडं कागद आहेत’ म्हणून निर्धास्त बसणाऱ्यांनी नालासोपाऱ्याला जाऊन यावं. तिथं अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी यांच्यासाठी राखलेल्या जमिनीवर 41 इमारती उठल्या. विकताना कागद दाखवले होते, ते बनावट निघाले. हायकोर्टाच्या आदेशानं नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात सगळ्या पाडल्या. अडीच हजारांच्या आसपास कुटुंबं रस्त्यावर आली. पोरांच्या परीक्षा तोंडावर होत्या. कागद नसला तरी आपण बाहेर, कागद खोटा असला तरी आपणच बाहेर. कागद बनवणारा मात्र आतच, दुसऱ्या प्लॉटवर नवीन पाटी लावत.

त्याच सोपाऱ्यात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाच्या कोटाचं टेकाड खणलं. आतून स्तूप निघाला, बुद्धाच्या मूर्ती निघाल्या. शेकडो वर्षं लोक त्यालाही नुसतं टेकाडच समजत होते. जमीन रिकामी आहे असं कोणी म्हटलं की मला ते आठवतं. खणल्याशिवाय म्हणू नये.

मग काय करायचं? आमची बिल्डिंग पडायलाच हवी. तुळईला सळया दिसतात, पावसात जिना घाम फुटल्यासारखा गळतो. ‘आम्ही जागा सोडणार नाही’ ही घोषणा मला आता देववत नाही. विजय नगर बघितलेला माणूस ती देणार नाही. प्रश्न पाडण्याचा नाहीच. पाडल्यावर परत कोण येणार, हा प्रश्न आहे. ते ठरतं पाडण्याआधी. बिल्डरच्या टेबलावर, आपला नाहीचा ढीग होतो तिथं.

जयंतीच्या वर्गणीसाठी आपण प्रत्येक दार वाजवतो. कुठल्या खोलीत किती माणसं, कोण बेकार, कोणाचा नवरा दारू पितो, सगळं आपल्याला माहीत. पालिकेकडं नाही, बिल्डरकडं नाही, अशी यादी आपल्या पोरांच्या डोक्यात आहे. ती वहीत उतरवा. खोली नंबर, कोण राहतं, कधीपासून, सगळ्यात जुनं लाइटबिल कोणतं, करार कसला. जमिनीचा सातबारा कोणीही काढू शकतो, तो काढा. माहितीच्या अधिकारात पालिकेकडून इमारतीची फाइल मागा. फाइल नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या. सोसायटी नोंदवायच्या मागं लागा. खोली खाली करण्याआधी राहणाऱ्याचं नाव आणि खोलीचं माप पालिकेच्या सहीशिक्क्यानं हातात आल्याशिवाय ट्रंक उचलू नका. साहेबांनी शिका म्हटलं ते फक्त डिग्रीसाठी नव्हतं. इंडेक्स टू वाचता येणं हेही शिकणंच आहे. मी दहावी झालेला गिरणीतला माणूस, तीन रविवारांत शिकलो.

परवा मी आमच्या बिल्डिंगची वही पुरी केली. चोवीस खोल्या, चोवीस नावं. आईला वाचून दाखवली. ती अक्षर ओळखत नाही, पण हिशेब ओळखते.

ती म्हणाली, ‘‘तिसऱ्या माळ्यावरच्या त्या शिलाईवाल्या बाईचं नाव न्हाई घेतलंस.’’

मी म्हटलं, ‘‘आई, ती भाड्यानं राहते. खोली दुसऱ्याची आहे. मालक मुंबईला असतो, त्याचं नाव लिहिलंय.’’

आई माझ्याकडं बघत राहिली. बाहेर प्लॉटवर पोरं ओरडत होती. मग ती उठली, ट्रंकेतून आज्याचा पास काढला आणि वहीच्या त्या पानावर ठेवला.

‘‘ह्यो कोण हुता?’’

मी पेन उघडलं. तिसऱ्या माळ्यावर गेलो. त्या बाईला नाव विचारलं. सात वर्षं जिन्यात रोज भेटते, मला तिचं नाव माहीत नव्हतं. ती घाबरली. म्हणाली, ‘‘मालकाला कळेल.’’ मी म्हटलं, कळू दे.

वहीत आता पंचवीस नावं आहेत. अजून पाच दारं वाजवायची राहिलीत. पुढच्या रविवारी तो माणूस परत येणार आहे.

जयभीम.