खाल्ल्या मिठाला जागताना

३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने जळगावच्या घरकुल प्रकरणाचा निकाल दिला. माजी मंत्री सुरेशदादा जैन यांच्यासह ४८ जण दोषी ठरले. दादांना सात वर्षांचा कारावास व १०० कोटी रुपये दंड झाला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात दुसरा विषय नव्हता. आमचे एक वयोवृद्ध शेजारी मला म्हणाले, "सर, न्यायालय काही म्हणो, दादांनी या गावासाठी पुष्कळ केले. खाल्ल्या मिठाला जागायला नको का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. १९८० पासून तीन दशकांहून अधिक काळ जळगावने दादांना विधानसभेत पाठविले. काँग्रेस, शिवसेना, राष्ट्रवादी व पुन्हा शिवसेना असा त्यांचा प्रवास झाला, परंतु मतदार ढळला नाही. नेत्याने पक्ष बदलावेत आणि आपण मात्र नेत्याशी एकनिष्ठ राहावे, ही आपली रीत मोठी विलक्षण खरी!

पण ते मीठ कोणाचे होते? नगरपालिकेने कर्ज काढून गरिबांसाठी सुमारे अकरा हजार घरे बांधावयाचे योजिले. पुरी झाली ती जेमतेम दीड हजार. कर्जाचे ओझे पुढे गावानेच वाहिले. २००६ साली फिर्याद दिली तीही महापालिकेच्याच आयुक्तांनी. शिक्षेविरुद्ध अपील झाले, आणि तो मार्ग प्रत्येकाला मोकळा असलाच पाहिजे. मला सतावते ते निराळेच. दोषी ठरलेल्यांत बहुतेक जण माजी नगरसेवक होते. सभागृहात ठरावासाठी हात वर करताना त्यांतील किती जणांच्या मनात 'नाही' आले असेल, आणि निष्ठेपोटी ते ओठांवर आले नसेल? पुढाऱ्याची पारख मी हल्ली याच प्रश्नाने करतो : त्याला 'नाही' म्हणणारा माणूस त्याच्याजवळ टिकतो काय?

साने गुरुजी आपल्या खानदेशच्या मातीत रमलेले. अमळनेरच्या शाळेतील नोकरी सोडून १९३० साली ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील रविवारची प्रवचने त्यांनीच उतरून घेतली. गांधीजी तर त्यांचे दैवत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजी उपोषणास बसले. गांधीजींपर्यंत वस्तुस्थिती नीट पोहोचली नव्हती. उपोषण सोडा, अशी त्यांची तार आली. खुद्द दैवताची आज्ञा! गुरुजींनी ती नम्रपणे बाजूला ठेवली. ते मंदिर खुले होण्याचे ठरल्यावरच उठले.

आज्ञा मोडली म्हणून गांधीजी त्यांना अंतरले नाहीत, की ते गांधीजींना. पुढच्याच वर्षी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा याच गुरुजींनी २१ दिवस अन्न वर्ज्य केले.